मदत हवी आहे: इंग्रजीत 'मी पण आहे!' जरा उत्साहाने कसं लिहायचं?

मंडळी, आमची टीम थोडी पुण्यात, थोडी लीड्सला, थोडी डॅलसला. ग्रुपवर सतत काहीतरी ठरत असतं: ऑनलाइन क्विझ, चॅरिटी वॉक वगैरे. मी आपली प्रत्येक वेळी 'येस, आय ॲम इंटरेस्टेड' लिहिते. चूक काही नाही, पण सरकारी पत्राला पोच दिल्यासारखं वाटतं.

बाकीचे 'काउंट मी इन', 'आय ॲम अप फॉर इट', 'आय ॲम डाउन' असं काय काय लिहितात. अप काय, डाउन काय, अर्थ एकच? बॉससमोर यातलं काय चालेल? 'थ्रो माय हॅट इन द रिंग' क्विझसाठी चालतं का? आणि एकाला सगळे 'गुंग हो' म्हणतात, ते कौतुक की टोमणा?

प्रतिसाद १:
'काउंट मी इन' डोळे झाकून लिहा, बॉसलाही. 'अप फॉर इट' ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, दोन्हीकडे चालतं. 'डाउन' मूळचं अमेरिकन, बरोबरीच्या लोकांतलं. अर्थ 'अप'सारखाच, पण नुसतं 'आय ॲम डाउन' वाचून, तुम्ही उदास आहात असं समजून, लीड्सवाले तब्येतीची चौकशी करायचे. 'डाउन फॉर द क्विझ' असं पूर्ण लिहा.

टोपीचं प्रकरण मुष्टियुद्धातलं. रिंगणात टोपी टाकली म्हणजे आव्हान स्वीकारलं. १९१२ साली थिओडोर रूझवेल्टने अध्यक्षपदासाठी उतरताना हेच शब्द वापरले. आता अर्थ उमेदवारीचा. त्यामुळे क्विझला नको, कॅप्टन निवडायचा असेल तर जरूर टाका.

'गुंग हो' चिनी आहे. १९३८ मध्ये चीनमध्ये निघालेल्या औद्योगिक सहकारी संस्थांच्या नावाचं ते छोटं रूप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन अधिकारी कार्लसन यांनी ते आपल्या तुकडीचं घोषवाक्य केलं, 'मिळून काम करा' अशा अर्थाने. आज मात्र 'याला जरा जास्तच उत्साह आहे' असा सूर असतो. म्हणजे टोमणाच, पण प्रेमळ.

'जंप ऑन द बँडवॅगन' स्वतःबद्दल लिहू नका. सगळे चढले म्हणून आपणही चढलो, असा वास येतो त्याला. लीड्सवाला 'लेट्स गेट स्टक इन' म्हणाला तर घाबरू नका, अडकायचं नाही, कामाला भिडायचंय.

धागाकर्ती:
वा, धन्यवाद! आणि यायचं नसेल तेव्हा?

प्रतिसाद २:
'आय विल सिट धिस वन आउट.' कारण विचारत नाहीत.