पोटातला जंतू, मेंदूवरचे डाग आणि घाबरट ग्रुप

विश्रामबागवाला:
सोसायटीच्या ग्रुपवर आलंय: 'ॲसिडिटीचा जंतू मेंदू पोखरतो, चाळिशीनंतर एमआरआय काढा.' कुणी लिहिलं हो हे? तो जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात निवांत बसलाय. त्या सगळ्यांना मशिनीत घालणार? काही अभ्यासांत असा जंतू असलेल्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात डाग जास्त दिसले, खरंय. पण ते डाग मुख्यतः वय, बीपी, शुगर आणि तंबाखूचे. बीपीची गोळी चुकवणाऱ्यांनी आधी ती घ्यावी.

मिरजेची लेक:
म्हणजे दुर्लक्ष करायचं? जंतूनं जठराचं अस्तर झिजलं की बी-१२ अंगाला लागत नाही. बी-१२ नाही तर नसांवरचं आवरण खराब होतं, रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. आमच्या सासूबाईंच्या पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा, सगळे म्हणायचे 'वय झालं'. शेवटी इंजेक्शनांनीच उठल्या. तुमचे अभ्यास तुमच्यापाशीच ठेवा.

विश्रामबागवाला:
सासूबाई शाकाहारी? वर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल? बी-१२ खाली जायला तेवढंही पुरतं.

मिरजेची लेक:
आता शाकाहार काढलात! गोळी होती, मान्य. पण जंतूही निघाला होता.

भडंगप्रेमी:
आमचं तिखट बंद केलं त्याचं काय? अल्सर तिखटानं नाही, जंतूनं होतो हे पटवायला ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये जंतूच पिऊन दाखवला, जठर सुजलं त्याचं. २००५ ला नोबेल मिळालं. तरी घरी अजून भडंगच गुन्हेगार.

कृष्णाकाठ:
मुळावर या. शेरीनाला! सांगलीची घाण कृष्णा नदीत, नदी नळात. २०१९ च्या पुरानंतर गावभागात येऊन पाणी प्यायला हवं होतं तुम्ही.

विश्रामबागवाला:
हा जंतू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्याच माणसांकडून लागतो. प्रत्येक धाग्यात नाला कशाला?

कृष्णाकाठ:
आरओचं पाणी पिणाऱ्याला नाला कशाला दिसेल? दूषित पाण्यातून लागत नाही असं लिहून द्या बघू!

विश्रामबागवाला:
लिहून देत नाही. तोही एक मार्ग मानतात. झालं समाधान?

कृष्णाकाठ:
नाही. निवडणुका येतात-जातात, नाला तिथंच. फोटो टाकू?

मिरजेची लेक:
फोटो नकोत, जेवतेय. जळजळ असेल त्यांनी श्वासाची तपासणी करा. आधी दोन आठवडे ती ॲसिडिटीची गोळी बंद, डॉक्टरांना विचारून, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निघाला तर कोर्स पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका.

विश्रामबागवाला:
हे बरोबर बोललात. एमआरआय नाही म्हणालात, तेवढे उपकार.

कृष्णाकाठ:
टाकले फोटो.