दादाभाई नौरोजी मार्गावरची कमानींची ओवरी: निरनिराळ्या इमारतींचा हा रस्ता एकसंध का दिसतो?

पायवाट:
गेल्या महिन्यात ऐन पावसात मी बोरीबंदरहून हुतात्मा चौकापर्यंत दादाभाई नौरोजी मार्गाने चालत गेलो. आडव्या गल्ल्या ओलांडण्यापुरती छत्री उघडावी लागली; एरवी इमारतींच्या तळमजल्यावरच्या कमानींखालून, देवळाच्या ओवरीतून जावे तसे, कोरड्यातून जाता आले. चालताना असे लक्षात आले की प्रत्येक इमारतीपुढची ओवरी वेगळी आहे. कुठे टोकदार कमान, कुठे अर्धवर्तुळाकार. एकीची जमीन शेजारणीपेक्षा पायरीभर उंच, तर पुढची पुन्हा खाली. वरचे मजले तर एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. मध्येच प्राचीन इराणी धाटणीच्या दर्शनी भागाची अग्यारीही लागते. असे असूनही समोरच्या पदपथावर उभे राहून पाहिले तर सगळा रस्ता एकाच हाताने घडवल्यासारखा वाटतो.

ही ओवरी नियमाने बांधली गेली की रिवाजाने? आणि एवढ्या इमारती थोड्याच वर्षांत याच रेषेवर का उभ्या राहिल्या? शाळेतल्या मुलांना घेऊन मी येथे फेरी काढणार आहे. ‘इंग्रजांनी बांधले’ एवढ्या एका वाक्यावर त्यांची बोळवण करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोटाबाहेर:
आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. आपण ज्या रेषेवरून चाललात, ती मुंबईच्या कोटाच्या पश्चिमेकडच्या तटाची रेषा आहे. तटाबाहेर खंदक होता आणि त्यापलीकडे तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून मोकळे राखलेले मैदान. 1803 साली कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर एतद्देशीय वस्तीचा बराच भाग मैदानापलीकडे सरकला. पुढे शत्रूचे भय उरले नाही, पण तट मात्र तसाच राहिला. आत दाटीवाटी, बाहेर तुंबलेला खंदक आणि ये-जा करायला मोजके दरवाजे, अशी शहराची कोंडी झाली होती. 1862 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडण्यात आला. हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन जेथे आहे, तेथेच चर्चगेट हा कोटाचा दरवाजा होता.

यासाठी लागणारा पैसा कोठून आला, हे मुलांना अवश्य सांगावे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतातल्या कापसाला मुंबई बंदरात कल्पनेपलीकडचा भाव आला. युद्ध संपताच, 1865 मध्ये, हा फुगा फुटला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु तोवर तट पडलेला होता, जमीन मोकळी झालेली होती आणि शहर बाहेर पडण्याच्या वाटेला लागलेले होते. मैदानाच्या कडेने, तेव्हा समोरच असलेल्या समुद्राकडे तोंड करून, सरकारने उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांसारख्या सार्वजनिक वास्तू उभारल्या. हॉर्नबी रोडचा, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाचा, मोठा भाग मात्र खासगी मालकांच्या, पेढ्यांच्या आणि दुकानदारांच्या वाट्याला आला. 1880 नंतरच्या तीनचार दशकांत येथे भराभर बांधकामे झाली.

आता ओवरीविषयी. ती नियमानेच आली. 1896 च्या सरकारी नियमाने या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडणे बंधनकारक झाले. त्यापूर्वीचा एक नमुना जवळच, हॉर्निमन सर्कलमध्ये, पाहायला मिळतो. पूर्वीच्या एल्फिन्स्टन सर्कलच्या त्या इमारती 1860 च्या दशकात आखल्या गेल्या आणि तेथेही कमानी आहेत. परंतु तेथे संपूर्ण वर्तुळाचा दर्शनी भाग एकाच आराखड्याने बांधलेला आहे. हॉर्नबी रोडवर कोणा एकाचा आराखडा नव्हता. मालकाने गॉथिक कमान घ्यावी की अभिजात खांब, मनोरा चढवावा की सज्जे काढावेत, हे त्याचे त्याने ठरवायचे होते. चालणाऱ्याची वाट मात्र त्याला अडवता येत नव्हती. त्यामुळे कमानींचा ठेका रस्ताभर चालू राहिला आणि वर ज्याचा त्याचा आलाप. शहराने नियम करावा तर असा, असे मला मनापासून वाटते.

दरजा:
वरील प्रतिसादात दगडाचा उल्लेख राहिला आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामांवर मी काही वर्षे देखरेख केली आहे, म्हणून तेवढी भर घालतो. या परिसरातल्या भिंतींकडे पाहताना तीन दगड ओळखायला शिकावे. पहिला आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. तो अतिशय टणक असल्यामुळे जोत्याला आणि भिंतीला उत्तम, पण नक्षीला दाद देत नाही. दुसरा मालाडचा पिवळसर दगड. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तो उबदार रंग ह्याच दगडाने दिला आहे. तिसरा पोरबंदरी, फिकट रंगाचा चुनखडीचा दगड. तो मऊ असल्याने पाने, फुले, पशुपक्षी यांत पाथरवटाला बारीक काम करता येते. मात्र खारी हवा आणि वाहनांचा धूर यांचा सर्वांत जास्त त्रास त्यालाच होतो. कोरीवकामाच्या ज्या खाचांमध्ये पावसाचे पाणी पोहोचत नाही, तेथे काळे कवच धरते आणि ते सुटताना खालची नक्षी सोबत घेऊन जाते.

एका इमारतीच्या दुरुस्तीत मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. कमानीच्या बाजूला फलकासाठी लोखंडी कंस ठोकलेला होता. वर्षानुवर्षे त्यात पाणी मुरले, लोखंड गंजून फुगले आणि त्याने दगडाला वीतभर लांबीची उभी भेग पाडली. ती भेग कोणीतरी सिमेंटने बुजवली होती. खरे तर जुन्या दरजा चुन्यानेच भरायला हव्यात, कारण भिंतीतला ओलावा चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतो. सांधा सिमेंटने बंद केला की तोच ओलावा दगडातून वाट काढतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आम्ही सिमेंट काढले, तेव्हा मागचा दगड बोटाने उकरता येईल इतका भुसभुशीत झालेला होता. ते पाहून फार वाईट वाटले.

‘इंग्रजांनी बांधले’ याविषयी इतकेच सांगतो की, बोरीबंदरच्या या स्थानकाचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स होते आणि काम 1878 मध्ये सुरू झाले, हे खरेच आहे. परंतु त्यावरचे कोरीवकाम सर जमशेटजी जिजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे आहे. राजाबाई टॉवरचा आराखडा इंग्लंडमधून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी पाठवला, पण पैसा प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचे. मुलांना दोन्ही नावे सांगावीत.

चाळकरी:
वरील माहिती मोलाची आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. वसाहतकाळातले मुंबईचे रस्ते म्हटले की आपण फोर्टमध्येच घुटमळतो. ज्या वर्षी हॉर्नबी रोडवर कमानींचा नियम आला, त्याच 1896 साली मांडवी भागात प्लेग पसरला. कोटाबाहेरच्या वस्तीत उजेड आणि हवा यांची काय अवस्था होती, ते त्या साथीने उघड केले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. समुद्रावरचे वारे शहरात आत शिरावे, हा त्यामागचा एक उद्देश होता. या रस्त्यांसाठी ज्यांची घरे पडली, त्या सर्वांना पुन्हा जवळपास परवडणारी जागा मिळाली असे नाही, आणि ही बाजू फेरीत आली नाही तर चित्र अपुरे राहील.

ट्रस्टच्या कामातही एक विचार होता, हे मात्र मान्य करायला हवे. खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा दंडक त्यांनी धरला. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये असावी. हॉर्नबी रोडवरच्या नियमाने चालणाऱ्याचा विचार केला, या दंडकाने खोलीत राहणाऱ्याचा. मला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो.

कोटाबाहेर:
चाळकरी यांचा आक्षेप मला मान्य आहे. वेळ असल्यास महात्मा फुले मंडईपासून फेरी सुरू करावी. 1869 ची ही मंडई, पूर्वीचे क्रॉफर्ड मार्केट, कोटाच्या आणि एतद्देशीय वस्तीच्या सांध्यावर आहे. तेथे उभे राहून दोन्हीकडे बोट दाखवता येते.

पायवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन आलो. दरजा यांनी सांगितलेला लोखंडी कंस मला तीन ठिकाणी सापडला. एका ठिकाणी गंजाचा तांबूस ओघळ थेट खांबाच्या पायापर्यंत आला होता. आणखी एक विचारतो. काही कमानींमध्ये दुकानाचा फलक कमानीच्या पोकळीत नीट बसवलेला दिसतो, तर काही ठिकाणी तो कळीचा दगड झाकून वर चढलेला आहे. याला काही नियम आहे का?

दरजा:
आहे. 1995 मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली आणि हा रस्ता केवळ सुट्या इमारतींचा समूह न मानता त्याचे रस्ता म्हणून असलेले रूप जपण्याचा विचार झाला. त्यानंतर संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने येथील फलकांची नीट मांडणी ठरवली गेली: फलक कमानीच्या आत बसावा, त्याने दगडी काम झाकू नये. दुकानदारांना विश्वासात घेऊन हे काम झाले, आणि 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. आपल्याला नीट बसवलेले दिसले ते फलक याच विचाराचे.

फेरी सकाळी ठेवा आणि रस्त्याच्या पूर्वेकडच्या पदपथावर मुलांना उभे करा. समोरच्या इमारतींवर तिरपे ऊन येते, तेव्हा प्रत्येक ताशीव दगडावर छिन्नीचे घाव उठून दिसतात. दुपारी तेच काम सपाट वाटते.