आग लागली तर मांजरवाल्यांनी म्हणे शेवटी उतरायचं!

माऊताई
मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगला लागून असलेल्या गादीच्या दुकानाला रात्री आग लागली (गारखेडा, छत्रपती संभाजीनगर). बंब आले, तासाभरात विझली, सगळे सुखरूप. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनसाहेबांची पोस्ट आली, ती जशीच्या तशी देते: "यापुढे असा प्रसंग आल्यास कुत्री-मांजरे पाळणाऱ्या सभासदांनी जिना अडवू नये. इतर सर्व सभासद उतरल्यानंतरच प्राण्यांसह खाली यावे. आधी माणसे, मग प्राणी." खाली चौदा अंगठे.

म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर धुरात उभं राहून हजेरी घ्यायची का? एकशे दोन उतरले, दोनशे चार उतरले, आता चल गं काळे?

त्या रात्री काय झालं ते सांगते. पावणेदोनला जळक्या कापसाच्या वासानं जाग आली. लाइट गेलेली. शेरू (गावठी कुत्रा, वय सहा) आधीच दाराशी उभा. मांजरं दोन, चिंगी आणि काळी. बास्केट माळ्यावर, आणि त्यात मीच दिवाळीचे आकाशकंदील कोंबून ठेवलेले. स्टुलावर चढून, मोबाइल दातात धरून कंदील उपसत बसले. शेवटी नाद सोडला, उशीचा अभ्रा काढला आणि ओट्याखालच्या चिंगीला त्यात घातलं. काळी दिवाणाच्या आत. भ्यालेलं मांजर बाहेर पळत नाही, आत शिरतं, हे मांजरवाल्यांना वेगळं सांगायला नको. हात घातला तर फाडला. नऊ मिनिटं गेली. तिला तशीच ठेवून उतरले आणि पुढची चाळीस मिनिटं रस्त्यावर उभं राहून आमच्या खिडकीकडं बघत होते. ती मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही. काळी सापडली, ठीक आहे.

आता बास्केट हॉलमध्ये कायम उघडी असते, काळी दुपारी त्यातच झोपते. दिवाणाची फट फळी ठोकून बंद केली. अभ्रा आणि शेरूचा पट्टा दाराच्या खिळ्याला. लसीच्या पुस्तिकेचे फोटो बहिणीकडं. मी ऑफिसात असते तेव्हा किल्ली समोरच्या काकूंकडं. बाहेर चिठ्ठी लावली, "आत दोन मांजरं, एक कुत्रा". तुम्ही काय केलंय ते सांगा. आणि हे "शेवटी उतरावे" कुणाला पटतं तेही कळू द्या.

सिडकोकर
मला पटतं. 2024 च्या एप्रिलमध्ये छावणीत शिवणकामाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि वर राहणारे सात जण गेले. जाळ त्यांच्यापर्यंत पोचलासुद्धा नव्हता म्हणतात, धुरानंच गुदमरले. आपल्याच गावातली गोष्ट आहे, विसरलात? खाली दुकान, वर बिऱ्हाड, तुमच्याकडं जवळपास तोच प्रकार. तिथं तुम्ही नऊ मिनिटं मांजर शोधता आणि वर इथं मोठ्या अभिमानानं लिहिता. तुम्ही पडला असता तर बंबवाल्याला तुमच्यासाठी आत जावं लागलं असतं. त्यालाही घरी लेकरं आहेत.

माऊताई
अभिमान कुठं दिसला? लाज वाटली म्हणून लिहिलं. बास्केट हाताशी असती तर नऊची दोन मिनिटं झाली असती, सगळा धागा त्यावरच आहे. आणि "मांजर सोडा" म्हटल्यानं कुणी सोडत नाही हो. अमेरिकेत 2005 ला कत्रिना वादळात माणसं कुत्र्या-मांजरांपायी घरातून निघेनात, म्हणून पुढच्या वर्षी प्राण्यांनाही हलवायच्या योजनेत धरायचा कायदा करावा लागला त्यांना. प्रेम बाजूला ठेवा, माणसं हलावीत म्हणून.

सिडकोकर
आली अमेरिका. आमच्या वॉर्डात नळाला आठवड्यातून एकदा पाणी.

मांजराकाठ
नावावरून गैरसमज नको, मी नदीच्या काठचा, केज तालुका.

शहरात मांजरावर चर्चासत्र चालू आहे म्हणून वाचत बसलो. आमच्या चुलत्याचा गोठा दोन वर्षांमागं पेटला. डासाला गोवऱ्याची धुरी लावली होती, रात्री वारं सुटलं, ठिणगी कडब्याच्या गंजीत. गंजी गोठ्याला खेटून, कारण पावसात लांबून वैरण कोण आणणार? आत दोन म्हशी, एक देवणी गाय अन् तिची कालवड. चुलता विळा घेऊन घुसला. गाय-कालवडीचं दावं कापलं. म्हशीच्या गळ्यात साखळी, साखळीला कुलूप, अन् किल्ली म्हातारीच्या कमरेला. म्हातारी वाड्यात, ऐकायला कमी.

दोन्ही म्हशी गेल्या. त्याहून वाईट सांगतो. बाहेर काढलेली देवणी फिरून परत आत पळाली. जनावराला गोठा म्हणजे घर, भ्यालं की घरातच शिरतं. ताईंची काळी दिवाणात गेली तसंच. कालवड तेवढी राहिली, कारण तिला पोरानं बाभळीला बांधली होती.

उदगिरी
वाईट झालं. पण कुलूप कशाला हो लावायचं जनावराला? आमच्याकडं लहानपणी पहिली गोष्ट शिकवायचे, खुंट्याला निरगाठ मारायची नाही. सुरगाठ मारायची अन् मोकळं टोक हाताला येईल असं ठेवायचं. एक हिसका दिला की जनावर मोकळं. विळा शोधायची पाळीच येत नाही. आणि बाहेर काढलं की आधी गोठ्याचं दार लावायचं, नाहीतर वळतं. डोळ्यावर पोतं टाकून न्यायचं.

मांजराकाठ
शिकवायला सोपं आहे. सुरगाठ तुम्हाला सुटते तशी चोरालाही सुटते. मागच्या साली आमच्या गावातून एका रात्रीत चार उस्मानाबादी शेळ्या पिकअपमध्ये घालून नेल्या. म्हैस सव्वा लाखाची. कुलूप लावू नको तर काय हनुमान चालिसा म्हणू?

उदगिरी
मग कुलूप लावा अन् किल्ली गोठ्याच्या दाराच्या वर खुंटीला ठेवा. म्हातारीच्या कमरेला कशाला?

मांजराकाठ
दाराच्या वर ठेवली तर चोराला चिठ्ठी पण लिहून ठेवू का?

उदगिरी
भाऊ, चिडायचं काम नाही. दोन म्हशींना कुलपं आणि किल्ली एकीच्या कमरेला, ही काही व्यवस्था नाही. एवढंच म्हणतोय.

मांजराकाठ
तुमच्या घरात जळाली का म्हैस? नाही ना. मग व्यवस्था नका शिकवू.

पंचनामा
साखळीवरून भांडताय म्हणून भरपाईचं सांगतो, कारण शेवटी गाडी तिथंच येते. सरकारी निकषात (2022 ते 2026 साठीच्या) आग ही आपत्तीच धरली आहे. दुधाळ म्हैस-गायीला 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळीला 4,000, कोंबडीला 100. सव्वा लाखाच्या म्हशीचा हिशेब तुम्हीच करा. आणि पंचनाम्याआधी जनावर पुरलं तर तेही विसरा. माऊताई, तुमच्या काळीला त्या यादीत रकाना नाही.

माऊताई
माहीत आहे. भरपाई मागतंय कोण? मी जिन्यात जागा मागतेय.

पार्किंगग्रस्त
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. बंब आत येतो का? आमच्या गल्लीत रात्री दोन्ही बाजूंनी चारचाक्या, मध्ये एकाचा टेम्पो कायमचा. मांजर, म्हैस सगळं ठीक आहे, पण बंब कोपऱ्यावरच थांबणार. टेम्पोवाल्याला सांगितलं तर म्हणतो, तुमच्या बापाचा रस्ता आहे का. मी महापालिकेत तीन अर्ज दिलेत, पोचपावत्या आहेत माझ्याकडं, कुणाला पाहिजे असतील तर…

सिडकोकर
पार्किंगचा वेगळा धागा काढा राव, प्रत्येक धाग्यावर तोच टेम्पो.

वाळूजचा सेफ्टीवाला
कारखान्यात आगीच्या कवायती घेणं हेच माझं काम आहे, म्हणून थोडं बोलतो. सिडकोकर बरोबर बोलतायत आणि माऊताईही. धूर आधी वर साठतो, म्हणून वाकून, गुडघ्यावर. स्टुलावर चढणं म्हणजे तोंड धुरात घालणं. ताई, तुम्ही माळ्यापर्यंत गेलात ते मांजर शोधण्याहून धोक्याचं होतं. लिफ्ट नाहीच. बंबाला 101 किंवा 112.

रात्री मांजरं ज्या खोलीत झोपतात तिचं दार लावून घ्या. शोधायला एकच खोली राहते आणि बंद दार धूरही बराच वेळ अडवतं. एक मिनिटात हाताला नाही लागलं तर निघायचं. निघताना दार ओढून घ्यायचं, कुलूप नाही लावायचं, आणि खाली बंबवाल्यांना सांगायचं की अमुक खोलीत दिवाणाखाली मांजर आहे. काही जण सांगतात दार सताड उघडं ठेवा, मांजर आपोआप येईल. नका ठेवू. जिना धुरानं भरेल आणि वरचे अडकतील. पक्षी असेल तर त्याचा पिंजरा आधी, धूर त्यांना माणसाच्या आधी मारतो.

नंतरची गोष्ट कुणी सांगत नाही. मांजराच्या केसावर काजळी बसते आणि ते चाटून साफ करतं, म्हणजे सगळं पोटात. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. खोकत असेल तर डॉक्टरकडं न्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962 आहे.

औरंगपुरा जुना
2016 ला दिवाळीत जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार पेटला होता, आठवतंय ना? आमचं घर जवळच. आम्ही सगळे गच्चीवर बघायला, आणि मोती जिन्यानं खाली गेला तो गेला. अकराव्या दिवशी क्रांती चौकात एका चहावाल्याकडं सापडला, चांगला जाड होऊन. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नंबर नव्हता. आता नंबर आहे. मोती नाही.

औसा रोड
धाग्याला सोडून आहे, पण जनावरांवरून आठवलं. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले. आजोबा पहाटे चारच्या आत बैलांना वैरण टाकायला उठले, म्हणून अंगणात होते. घर दगड-मातीचं. आजी आणि धाकटे काका आत. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, बैलांनी वाचवलं.

सिडकोकर
म्हणजे बैलांना आधी कळलं होतं?

औसा रोड
काही कळलं नव्हतं. त्यांना भूक लागली होती.

तिसऱ्या मजल्याचा शेजारी
मीच तो चेअरमन. मुलीनं लिंक पाठवली. ग्रुपवरचा मजकूर बाहेर टाकायचा नाही असा ठराव झालेला आहे, त्याचं नंतर बघू.

ताईंनी एक गोष्ट सांगितली नाही. त्या उतरत होत्या तेव्हा शेरूचा पट्टा पूर्ण सोडलेला होता, पुढं शेरू, मागं ताई, मध्ये दोन मीटर दोरी, अंधार. माझी आई 74 वर्षांची. तिच्या घोट्याला ती दोरी अडकली आणि ती तीन पायऱ्या घसरत गेली. मनगटाला प्लास्टर आहे. मी ती पोस्ट रात्री साडेतीनला, एक्स-रेच्या रांगेत उभं राहून लिहिली. आता द्या अंगठे.

माऊताई
काकूंना लागलं हे मला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराला कुलूप होतं. मी येऊन भेटते.

पट्ट्याचं मान्य. तो लांब, फिरवायचा होता, आता खिळ्याला हातभराचा आखूड आहे. पण साहेब, विषय निघालाच आहे तर, काकू घसरल्या तिथं जिन्यात बुटांचं कपाट कुणाचं आहे? अर्धी पायरी खातं ते. पट्टा दोरीचा, कपाट लोखंडाचं.

तिसऱ्या मजल्याचा शेजारी
कपाटाचा आणि कुत्र्याचा काय संबंध?

वाळूजचा सेफ्टीवाला
साहेब, कारखान्यात असतं तर मी आधी कपाटावर शेरा मारला असता, मग कुत्र्यावर.

पार्किंगग्रस्त
जिन्यात कपाट, गल्लीत टेम्पो. एकच वृत्ती.

तिसऱ्या मजल्याचा शेजारी
बरं बाबांनो. "शेवटी उतरावे" काढतो. "आखूड पट्टा, मांजर बास्केटमध्ये, ज्येष्ठांना जिन्यात पुढे जाऊ द्यावे" असं टाकतो. रविवारी सकाळी दहाला उतरून बघू सगळे, कुत्र्या-मांजरांसकट. अमेरिकेत करतात म्हणे.

माऊताई
रविवारचं सांगते. शेरू आणि चिंगी चाळीस सेकंदांत जिन्यात. काळीनं बास्केटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि वॉशिंग मशीनमागं गेली. चेअरमनसाहेब दारात घड्याळ धरून उभे. चार मिनिटं दहा सेकंद, तेही काकूंनी प्लास्टरच्या हातानं सुकटीची वाटी वाजवली म्हणून. सेफ्टीवाल्यांच्या हिशेबानं मी नापास. कपाट अजून तिथंच आहे, सुतार मिळत नाही म्हणे.

सिडकोकर
चार मिनिटं. मी काय म्हणत होतो?

माऊताई
नऊवरून चार. तुम्हीही काय म्हणत होतात ते वाचलं मी.

मांजराकाठ
उदगिरी भाऊ, त्या दिवशी जास्त बोललो. चुलत्याच्या नव्या म्हशीची साखळी काढली, जाड दोराचा सोल घेतला, सुरगाठ मारली. धुरीची पाटी अंगणाच्या पार पलीकडं. गंजी हलवायची राहिली, माणसं मिळेनात.

सकाळी बघतो तर खुंट्याला निरगाठ, अन् वरून साखळी. म्हातारी रात्री उठून बांधून गेली. विचारलं तर म्हणते, शेळ्या नेल्या तेव्हा तू कुठं होतास?