एचपी सॉस, मोहरीची पूड, गोल्डन सिरप: जुनी चव परत आणता येते का?

कपाटातलीबाटली:
मंडळी, ब्रिटिश स्वयंपाकघरातल्या ठरलेल्या बाटल्या-डब्यांबद्दल थोडी कुरकुर करायची आहे. एचपी या ब्राऊन सॉसच्या (आंबटगोड तपकिरी सॉसच्या) लेबलवर लंडनची संसद अजून ऐटीत उभी आहे, पण बर्मिंगहॅममधला अ‍ॅस्टनचा कारखाना २००७ मध्येच बंद झाला आणि सॉस येतो नेदरलँड्समधल्या एल्स्टहून. मोहरीवाल्या कोलमन्सचा नॉर्विचमधला कारो इथला कारखानाही गेला. लायल्सच्या गोल्डन सिरपच्या, म्हणजे साखरेच्या सोनेरी पाकाच्या, हिरव्या-सोनेरी डब्यावर मेलेला सिंह आणि त्याभोवती मधमाश्या असतात. ते चित्र १८८५ पासूनचं, पण २०२४ मध्ये बाटल्यांवरून ते काढलं. आता फक्त जुन्या घाटाच्या डब्यावर उरलंय. पत्ते आणि चित्रं बदलली तर बदलोत बापडी. चवीचं काय? ब्राऊन सॉस गुळमट लागतो, बरणीतली मोहरी नाकात जात नाही. घरी काही करता येतं का? आणि भारतात राहणाऱ्यांनी गोल्डन सिरपच्या जागी काय वापरावं?

चिंचखजूर:
सॉसचा दोष एल्स्टच्या माथी मारू नका, तो मिठाचा आहे. २०११ मध्ये दर १०० ग्रॅममागचं मीठ २.१ ग्रॅमवरून १.३ ग्रॅमवर आणलं. सरकारचा मीठ कमी करण्याचा आग्रह होता, तोही वाजवीच. पण मीठ नुसता खारटपणा देत नाही, ते गोडी आणि कडवटपणा दोन्ही ताब्यात ठेवतं. ते कमी झालं की खजूर आणि मळी पुढे येतात, चिंच मागे पडते. गुळमट लागतं ते म्हणून.

दुरुस्ती सोपी आहे. २५० ग्रॅम सॉसला २ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्याचा तिसरा हिस्सा. ते एक चमचा गरम माल्ट व्हिनेगरमध्ये (मोड आलेल्या जवाच्या) पूर्ण विरघळवा, वाडग्यात काढलेल्या सॉसमध्ये ढवळा आणि रात्रभर ठेवा. कोरडं मीठ थेट बाटलीत ओतून हलवलं तर ते तळाशी बसतं, आणि शेवटचे चार घास खारट होतात. व्हिनेगर माल्टचंच घ्या. फिश-अँड-चिप्सच्या कित्येक दुकानांत जी तपकिरी बाटली असते, ती बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसेटिक आम्ल आणि कॅरॅमलचा रंग. तिला व्हिनेगर म्हणायची कायद्याने परवानगीही नाही.

फेसलेलीमोहरी:
मोहरीचा प्रश्न माझ्या आवडीचा. बरणी सोडा आणि पिवळ्या डब्यातली पूड घ्या. (नॉर्विचचा कारखाना २०१९ मध्ये बंद झाला, पण दळण अजून नॉरफोकमध्येच होतं, एवढं समाधान.)

कोरड्या पुडीला झणका नसतो. दाण्यात तिखटपणाचं मूळ द्रव्य एका जागी आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या जागी असतं. दळल्यावर पाणी लागलं की दोघं भेटतात आणि नाकात जाणारं तेल तयार होतं. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसतात ते याचसाठी.

दोन चमचे पूड, दोन चमचे थंड पाणी. आधी अर्धं पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं. झाकून दहा ते पंधरा मिनिटं ठेवा आणि लगेच वाढा, कारण ते तेल उडून जातं. तास-दोन तासांत जोर ओसरतो. नेहमीची चूक म्हणजे गरम पाणी. त्याने विकर मरतं आणि हाती राहतो तो कडू पिवळा लगदा. उकळत्या ग्रेव्हीत पूड थेट टाकली तरी तेच होतं. आधी भिजवा, गॅस बंद केल्यावर घाला.

भारतात पूड मिळत नसेल तर पिवळी मोहरी आणि आपली काळसर मोहरी समसमान घ्या. पिवळी जिभेला चावते, काळी नाकात चढते, म्हणून दोन्ही हव्यात. मिक्सर थांबत थांबत फिरवा, भांडं तापू देऊ नका. चाळून चिमूटभर हळद.

कपाटातलीबाटली:
पाण्याऐवजी सुरुवातीलाच व्हिनेगर घातलं तर? टिकेल तरी.

फेसलेलीमोहरी:
टिकेल, पण मवाळच. आंबटपणाने विकर मंदावतं. आधी पाण्यात पंधरा मिनिटं चढू द्या, मग व्हिनेगर आणि मीठ घाला. तेव्हा आंबटपणा झणका धरून ठेवतो. क्रम उलटला की सगळं फसलं.

काकवीप्रेमी:
गोल्डन सिरपबद्दल. काकवी त्याची बदली नाही. पार्किनमध्ये (ओट्स-आल्याचा केक) काळ्या ट्रीकलच्या, म्हणजे साखरेच्या काळ्या दाट पाकाच्या, जागी ती छान चालते, पण फ्लॅपजॅकमध्ये (ओट्सच्या भाजलेल्या वड्या) घातली तर गुळाचीच चव. मध घातला तर कडा लवकर करपतात.

घरी करा. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर आणि ३ मोठे चमचे पाणी तांबूस होईपर्यंत तापवा. आच कमी करून ३०० मिलि उकळतं पाणी बेताबेताने घाला. जोरात उडतं, हात लांब ठेवा. मग ५०० ग्रॅम साखर आणि लिंबाच्या दोन चकत्या. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, उकळी आल्यावर चमचा बाजूला ठेवा. मंद आचेवर, झाकण न ठेवता चाळीसेक मिनिटं. थर्मामीटर असेल तर ११० अंशांवर उतरवा. गरम असताना पाक मधापेक्षा पातळ दिसला पाहिजे, गार झाल्यावर घट्ट होतो.

लिंबू का, ते पाक करणाऱ्यांना माहीत आहे: आम्लाने साखर थोडी फुटते आणि पाक बसत नाही. खऱ्या सिरपमध्येही काही साखर अशीच फोडलेली असते. तरी कडेला साखर धरली तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. एक खडा आत पडला तर आठवड्यात सगळी बरणी रवाळ.

यीस्टवाला:
मार्माइट राहिलंच की, टोस्टला लावायचा तो बीअरच्या यीस्टचा खारट काळा लेप! दाबायची बाटली २००६ मध्ये आली. तिच्यातून बाहेर पडावं म्हणून ते बरणीतल्यापेक्षा पातळ असतं. टोस्टवर ओघळतं. दाट हवं तर काचेची बरणीच. २०२० मध्ये पब बंद पडल्याने बीअरच्या यीस्टचा पुरवठा तुटला, तेव्हा काही काळ २५० ग्रॅमच्या बरणीखेरीज बाकी आकार थांबवले होते. बरणी संपत आली की खरवडू नका. अर्धा कप गरम पाणी ओता, झाकण लावून हलवा आणि मसुराच्या आमटीत घाला. फक्त आमटीत मीठ शेवटी, चव बघून.