'सिरीयल मीटिंग'ला खलबत म्हणावं का?

प्रश्न: नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात राहते. इथे 1953 पासून ब्राऊन ॲक्ट आहे. नगर परिषद, शाळा मंडळ यांच्या सभा लोकांसमोर व्हायला हव्यात, नेहमीच्या सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावायला हवी. त्यात 'सिरीयल मीटिंग'ला बंदी आहे. पाच जणांच्या परिषदेत पहिला दुसऱ्याशी एका विषयावर बोलला, दुसऱ्याने ते तिसऱ्याला सांगून त्याचं मत घेतलं, की झालं बहुमत, आणि तिघे एका खोलीत आलेलेच नसतात! इथल्या मराठी शेजाऱ्यांसाठी मी टिपण करते आहे. 'खलबत' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "खल म्हणजे दुष्ट. ही माणसं दुष्ट आहेत का?" काय लिहू?

उत्तर: सासूबाईंची व्युत्पत्ती चुकली, पण शंका खरी आहे. 'खलबत'चा संस्कृत 'खल'शी संबंध नाही, आणि खलबत्त्याशी तर नाहीच. अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातला 'खिलवत' नावाचा दरबार महाल त्याच घरचा, आणि रायगडावरचा खलबतखानाही. तिथे राजाने मसलत करायची, आणि ती बाहेर फुटू नये हाच कारभाराचा नियम. त्यात वावगं काही नव्हतं.

आज मात्र 'खलबतं चालली आहेत' असं वाचलं की आपल्याला कट दिसतो. म्हणूनच तुमच्या टिपणात तो नको. ब्राऊन ॲक्ट हेतू चांगला की वाईट हे विचारतच नाही. तिघांनी गावाला पाणी कसं लवकर मिळेल एवढंच बोलून घेतलं असेल, तरी ते बोलणं लोकांसमोर व्हायला हवं होतं. 2021 साली लागू झालेल्या दुरुस्तीने समाजमाध्यमावरचं अंगठ्याचं चिन्हसुद्धा संवादात धरलं. एका सदस्याने परिषदेच्या कामाविषयी लिहिलं आणि दुसऱ्याने त्यावर अंगठा टाकला, तरी चालत नाही. त्या अंगठ्याला खलबत म्हणाल का?

दुसरं मत: मग 'साखळी चर्चा' घ्या.

उत्तर: साखळी अर्ध्याच प्रकारांना बसते. कधी एकच माणूस, बहुधा कचेरीतला अधिकारी, प्रत्येक सदस्याला वेगवेगळा गाठतो आणि एकाचं मत दुसऱ्याला पोचवतो. ती साखळी नव्हे, ते चाक झालं. मधला तुंबा तो अधिकारी, आरे म्हणजे सदस्य.

माझ्या मनातला शब्द गावाकडचा आहे. माझे काका ग्रामपंचायतीत सदस्य होते. मासिक सभेचा दिवस उलटून गेलेला असायचा आणि संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंग काखेत मारून दारात उभा. "भाऊ, तेवढी सही." काकू चहा टाकायची, काका ओट्यावर वही मांडीवर घेऊन सही करायचे, शिपाई पुढच्या घरी. वहीत मात्र 'सर्वानुमते मंजूर'. मी तेव्हा लहान होतो, आणि सभा म्हणजे घरोघर फिरणारी वहीच असते असं मला खरंच वाटायचं. याला आमच्याकडे 'सह्या फिरवणं' म्हणतात. तिथे सही फिरते, तुमच्याकडे मत फिरतं. जमणं दोन्हीकडे नाही. मी 'फिरती सभा' लिहीन. शब्दावर आरोप नाही, आणि वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

प्रश्नकर्ती: 'फिरती सभा' घेतला! सासूबाईंनाही लगेच कळला. आता 'क्लोज्ड सेशन', म्हणजे लोकांना बाहेर ठेवून घेतलेली सभा? कोर्टातला दावा, नेमणुका, जागेच्या किमतीची बोलणी यांसाठी कायदा ती मुभा देतो. 'गुप्त सभा' लिहिलं होतं.

उत्तर: 'गुप्त' नको. ती कधी आहे आणि कशासाठी आहे, हे विषयपत्रिकेत लिहावं लागतं, म्हणजे लपलेलं काही नाही. 'बंद सभा' पुरे. वर्तमानपत्रांतला 'इन कॅमेरा'ही टाळा. चित्रीकरण होणार असं समजणारी माणसं मला भेटली आहेत. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली, म्हणजे अर्थाने तो आपल्या खलबतखान्याचाच भाऊ. पण तेवढं समजावत बसण्यापेक्षा 'बंद सभा' लिहा, आणि खाली एक ओळ जोडा: आत काही ठरलं, तर कायद्याने सांगितलेल्या बाबतीत ते बाहेर येऊन लोकांसमोर जाहीर करावं लागतं.