माऊथ ऑर्गनला माइक चिकटवावा की हातात धरावा?

गोदाकाठ (नांदेड): गणपतीच्या ऑर्केस्ट्रात माऊथ ऑर्गनवाल्याला गायकाचाच स्टँडवरचा माइक देतात. मान जरा हलली की सूर गायब. माझं स्पष्ट मत आहे, कॉलर माइक घ्यावा, वरच्या पत्र्याला टेपनं चिकटवावा न मोकळं व्हावं. अंतर बदलायचा प्रश्नच नाही. माइक मुठीत धरायचा हट्ट ब्लूज या अमेरिकी संगीतवाल्यांचा. 'सोलवाँ साल'मध्ये (१९५८) आर. डी. बर्मन यांनी वाजवलेला माऊथ ऑर्गन काय मुठीतल्या माइकवर होता का?

फुंकर (परभणी): तो स्टुडिओ होता ओ, तिथं समोर भोंगे नव्हते! आणि ओंजळ म्हणजे अर्धं वाद्य. ती उघडली-मिटली की जो 'वाँव' निघतो, तो रीडच्या (आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या) अंगावर बसलेल्या माइकला बेतानंच ऐकू येतो. १९५०च्या दशकात शिकागोत लिटल वॉल्टर या ब्लूजच्या माऊथ ऑर्गनवाल्यानं माइक आणि वाद्य एकाच ओंजळीत धरून अँपमधून (अँप्लिफायर) जो जाड, फाटका आवाज काढला, तो टेपनं यायचा नाही.

साउंडवाला (लातूर): दोघांचेही माइक शेवटी मलाच सांभाळावे लागतात, म्हणून लिहायलो. एसएम५८ सारखा गायकाचा नेहमीचा माइक मागचा आवाज कमी घेतो, ते जाळीखालच्या फटींमुळं. तुम्ही जाळीच मुठीत आवळली की फटी बंद, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि मॉनिटर (वाजवणाऱ्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर) शिट्टी मारतो. मग शिव्या आम्हाला. पण कॉलर माइकही साधू नाही. बहुतेक सगळीकडचंच ऐकतात; शेजारची ढोलकी तुमच्या सुरात येते. त्यात तोंडाची वाफ. टेप मागच्या उघड्या बाजूवर आली तर आवाजही कोंडतो. कुणी हौसेनं जुना ग्रीन बुलेट (माऊथ ऑर्गनवाल्यांचा आवडता माइक) आणला तर तो सरळ मिक्सरला लावू नका, त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त असतो, आवाज पातळ येतो. मधे ट्रान्सफॉर्मर घाला किंवा गिटारच्या अँपला जोडा. माझं मत हातात धरण्याकडं, पण मूठ सैल आणि मॉनिटर कमी.

गोदाकाठ: एसएम५८ जवळपास ३०० ग्रॅमचा. लांबलचक ट्रेमोलोसोबत (एका सुराला दोन रीड असलेला माऊथ ऑर्गन) तो तासभर धरून दाखवा. क्रोमॅटिक (बटण दाबून मधले सूर काढायचा प्रकार) असेल तर उजव्या हाताचं बोट बटणावर. माइक काय पायात धरू?

फुंकर: बेल्जियमचे टूट्स थीलेमान्स क्रोमॅटिकच वाजवायचे, माइक हातात घेऊन.

गोदाकाठ: त्यांच्या मागं बँजो आणि ताशा नव्हता.

साउंडवाला: ताशा असेल तर कुठलाच माइक नको, ताशाच थांबवा. ट्रेमोलोचं मात्र पटलं. त्याला स्टँड बरा, मान न हलवता.

फुंकर: म्हणजे टेप नाहीच ना?

गोदाकाठ: मी तर लावणार. पुढच्या कार्यक्रमाला साउंडवाले दादा, ढोलकी माझ्यापासून लांब बसवा, मग बोलू.