नळी ‘बंद होते’ की ‘कडा जुळतात’? गर्भाच्या चेतासंस्थेचे शब्द

कोथरूड, भाषांतरकार:
मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांसाठी एक चारपानी पत्रक मराठीत आणते आहे. बाळाचा मेंदू आणि मेरुरज्जू ज्या नळीपासून घडतात तिला काय म्हणावं? मज्जानलिका, चेतानलिका आणि विश्वकोशाच्या वळणाने तंत्रिका नलिका, असे तीन शब्द समोर आहेत. शिवाय एक वाक्य खटकतंय : ‘ही नळी चौथ्या आठवड्यात बंद होते.’ वाचणारीला नीट कळेल का?

सदाशिव पेठ, शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक:
ताई, चेतानलिका घ्या. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत चेतापेशी, चेतासंस्था हेच शब्द आहेत, त्यामुळे आजच्या तिशीतल्या आईच्या कानावरून ‘चेता’ गेलेला असतो. मज्जासंस्था हा शब्द वर्तमानपत्रांत रुळलाय हे खरं, पण ‘मज्जा’ म्हटलं की हाडातला मगज आठवतो. आयुर्वेदातला मज्जा धातूही तोच. अस्थिमज्जा रक्तपेशी बनवते, तिचा या नळीशी काही संबंध नाही. तंत्रिका शब्दात चूक काहीच नाही, पण घरात तो कुणी बोलत नाही.

आता घडतं काय ते सांगतो, म्हणजे बाकीचे शब्द आपोआप जागी बसतील. गर्भधारणा झाल्यावर अठरा-एकोणीस दिवसांनी भ्रूणाच्या बाह्यस्तराचा, म्हणजे ज्यापासून पुढे त्वचा होते त्याच थराचा, पाठीकडचा मधला पट्टा जाड होतो. ही चेतापट्टिका. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, त्या वळ्या. मध्ये पडते ती खाच. वळ्या एकमेकींकडे झुकतात आणि साधारण २२व्या दिवशी पहिल्यांदा मानेच्या भागात जुळतात. तिथून जुळणी दोन्ही दिशांना सरकते. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं २८व्याच्या. वळीला ‘घडी’ म्हणू नका. घडीत कापड कापडावर बसतं, इथे मध्ये पोकळी राहते आणि तीच पुढे मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांची जागा होते.

एक चूक भाषांतरात हमखास दिसते, तिला जपा. पृष्ठरज्जू आणि मेरुरज्जू एक नव्हेत. मेरुरज्जू चेतानलिकेतून होतो. पृष्ठरज्जू हा पट्टिकेच्या खाली असलेला दांडा. तो मेरुरज्जू कधीच होत नाही. त्याचा अवशेष मणक्यांमधल्या चकतीच्या मऊ गाभ्यात उरतो. पण वरच्या थराला ‘तू त्वचा होऊ नकोस’ असा इशारा देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. शेजारच्या पेशी असं ठरवतात याला प्रेरण म्हणतात. हिल्डे मँगोल्ड आणि हान्स स्पेमान यांनी न्यूट या बेडकासारख्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणाचा एक तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, तर तिथे दुसरी चेतानलिका उभी राहिली. हा प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध झाला. मँगोल्ड त्याच वर्षी अपघातात गेल्या. १९३५चं नोबेल एकट्या स्पेमान यांना मिळालं. विद्यार्थ्यांना मात्र मी नेहमी मँगोल्ड यांचं नाव आधी सांगत आलो.

हडपसर, प्रसूतिगृहातली समुपदेशक:
सरांनी ‘जुळतात’ लिहिलंय, तेच ठेवा. ‘बंद होते’ अजिबात नको! आमच्याकडे ‘नळी बंद आहे’ म्हणजे गर्भनलिकेत अडथळा आहे, मूल राहत नाही. हे वाक्य ऐकून रडलेल्या बायका मी रोज बघते. तिला ‘बाळाची नळी बंद होते’ वाचायला दिलंत तर ती घाबरेल, आणि ‘नळी बंद झाली नाही’ हे चांगलं लक्षण समजेल. ‘कडा जुळून नळी तयार होते’ लिहा, आणि दोष सांगताना ‘कडा जुळल्या नाहीत’.

‘भ्रूण’ही टाळा. आमच्या बायकांना तो शब्द भ्रूणहत्येच्या फलकांवरूनच माहीत आहे. ‘गर्भ’ किंवा सरळ ‘बाळ’.

आणि चौथा आठवडा कुणाचा? सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आठवडे शेवटच्या पाळीपासून, म्हणजे गर्भधारणेच्या साधारण दोन आठवडे आधीपासून मोजतात. सरांचा २८वा दिवस म्हणजे रिपोर्टवर सहावा आठवडा. पाळी चुकून दोन आठवडे होईपर्यंत अनेकींनी चाचणीही केलेली नसते, तेवढ्यात नळीचं काम आटोपलेलं असतं. म्हणूनच हा दोष टाळायला मदत करणारं फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. हे वाक्य पत्रकात पहिल्या पानावर हवं, शेवटच्या नाही.

सदाशिव पेठ, निवृत्त प्राध्यापक:
अगदी बरोबर. याचा पुरावाही भक्कम आहे. ज्यांच्या आधीच्या बाळात कडा न जुळण्याचा हा दोष होता अशा बायकांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीत तो पुन्हा होण्याचं प्रमाण फॉलिक ॲसिडने सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. निष्कर्ष १९९१ साली आले. अशा आईला दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम देतात, पण ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

कोथरूड, भाषांतरकार:
दोघांचे मनापासून आभार. आता पहिल्या पानावर असं जातंय :

‘बाळाचा मेंदू आणि मेरुरज्जू एका नळीपासून घडतात. तिला चेतानलिका म्हणतात. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत तिच्या कडा जुळून झालेल्या असतात. वरच्या कडा जुळल्या नाहीत तर मेंदूची वाढ नीट होत नाही, खालच्या जुळल्या नाहीत तर पाठीचा कणा तिथे उघडा राहतो. मूल हवं असं ठरवाल त्याच महिन्यात डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा.’

हडपसर, समुपदेशक:
‘सुरू करा’च्या पुढे ‘दिवस राहण्याची वाट पाहू नका’ एवढं जोडा. छापून झाल्यावर पन्नासेक प्रती आमच्याकडेही पाठवा.